भाऊसाहेब अजून जेवले नाहीत

वामनराव पळसुले यांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याविषयी माझ्या हातून चार बरी वाक्यं लिहिली जातील आणि मूळ तक्रार बाजूला पडेल. मी बार्शीच्या आठवडी बाजारात बांगड्या विकून वाढलेला माणूस. अमेरिकेत न्यूअर्कच्या कारखान्यात सात वर्षं घासून मग ओक ट्री रोडवर दुकान टाकलं: देशात न्यायचे दोनशेवीस व्होल्टचे मिक्सर, टेपरेकॉर्डर, मोठमोठ्या बॅगा. न्यूयॉर्कच्या घाऊक व्यापाऱ्यांपासून दारावर येणाऱ्या विमा एजंटापर्यंत कोणाला मला गंडवता आलं नाही. आणि गंडवलं कोणी? ज्याला आयुष्यात कधी भाव करता आला नाही अशा माणसाने!

पळसुले आयसेलिनला आमच्या समोरच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे. रंगाच्या कारखान्यात केमिस्ट, वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नाही. दुसरे लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे थर्मामीटर ठेवायचे. तापाचं नव्हे, प्रयोगशाळेतलं, वीतभर लांब. घरात आले की एका हाताने नमस्कार आणि दुसऱ्या हाताने थर्मामीटर बाहेर. "अडुसष्ट फॅरनहाइट. वहिनी, तुमच्या बाहेरच्या खोलीत अडुसष्ट आहे." चहा दिला तर चहात. आमच्या हिने एकदा त्यांना श्रीखंडात ते बुडवताना पकडलं. तेव्हापासून ती त्यांना वाढून झालं की पातेलं लगेच उचलून आत नेते.

"आकडा बोलतो, शेठ. माणूस बडबडतो," हे त्यांचं पालुपद. मी शेठ नाही, जगताप आहे. पण दुकान असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या हिशेबी शेठ.

भाव करण्याच्या बाबतीत तर हा गृहस्थ म्हणजे माझ्या जिवाला घोर. एकदा शनिवारी मी त्यांना गराज सेलला, म्हणजे लोक घरातलं जुनं सामान विकायला मांडतात तिथे, घेऊन गेलो. एक म्हातारी इस्त्री एक डॉलरला देत होती. मी पन्नास सेंटवर आणून ठेवली, म्हातारी मान डोलवणार तेवढ्यात हे पुढे झाले, इस्त्री उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, धिस इज वर्थ थ्री डॉलर्स." म्हातारीने तीन घेतले. मी तीन दिवस यांच्याशी बोललो नाही. पुढे कळलं, त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तर या माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, ब्लडप्रेशर वाढलंय, एकटे राहता, काहीतरी पाळा. पळसुल्यांनी अपार्टमेंटचं लीज काढून नीट वाचलं. कुत्रा चालणार नाही, मांजर चालणार नाही, असं स्वच्छ लिहिलेलं. मग माझ्याकडे आले.

"शेठ, लीजमध्ये सापाचा उल्लेख नाही."

"नसेलच! लिहिणारा शुद्धीवर होता."

"साप आवाज करत नाही. केस गळत नाहीत. आठवड्यातून एकदा जेवतो. मी सगळं वाचलंय. उद्या आणायला जातोय."

मी साप म्हटलं की काठी शोधणारा माणूस. पण हा इसम एकटा दुकानात गेला तर स्टिकरवरच्या किमतीला साप घेऊन, वर दुकानदाराचे आभार मानून येणार, हे माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ते मला सापापेक्षा असह्य होतं. "मी येतो," म्हणालो.

मार्चचा महिना, रस्त्याच्या कडेला अजून काळपट बर्फ. दुकानदार रिक नावाचा, दंडावर मगर गोंदवलेला, शेंडीएवढी पोनीटेल. त्याने काचेच्या पेटीतून बॉल पायथन काढला. अजगराच्या जातीतला, पण लहानसा, अडीच फूट असेल. रंग चॉकलेटी, त्यावर पिवळट डाग. घाबरला की स्वतःचाच चेंडू करून डोकं मधे लपवतो, म्हणून बॉल. आम्ही गेलो तेव्हा चेंडूच होता.

आमच्याकडे बैल घेताना दात बघतात. मी म्हटलं, "शो टीथ."

रिक म्हणाला, "यू शुअर, बडी?"

मी शुअर नव्हतो. पण माघार घेतली की भाव हातचा गेला. "तोंड उघडतच नाही, म्हणजे आजारी दिसतो. बारीक पण आहे. आणि कोणी लपून बसणाऱ्याला एवढे पैसे देतं का?" अशी माझी गाडी सुरू झाली. अर्ध्या तासात मी सापाबरोबर काचेची टाकी, जाळीचं झाकण, विजेवर गरम होणारा दगड आणि पाण्याचं भांडं एवढं सगळं सापाच्या किमतीत बसवलं. मधे पळसुले दोनदा माझी बाही ओढून म्हणाले, "शेठ, त्यांना परवडणार नाही हो." मी त्यांना मासे बघायला पाठवलं.

आणि मग माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर अट. पावतीच्या मागे रिककडून लिहून घेतलं: चौदा दिवसांत साप जेवला नाही, तर पैसे परत किंवा दुसरा साप. खाली सही. सापावर गॅरंटी! अमेरिकेत कोणी घेतली असेल तर दाखवा.

मी तो कागद पळसुल्यांपुढे नाचवला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "दुसरा साप म्हणजे? मग याचं काय करणार?"

"तो रिक बघेल की! तुम्हाला काय?"

त्यांनी कागदाची घडी करून तो मला परत दिला.

परत येताना साप उशीच्या अभ्र्यात, अभ्रा त्यांच्या मांडीवर. माझ्या गाडीचा हीटर फक्त ड्रायव्हरच्या पायांवर फुंकतो. पळसुल्यांनी थर्मामीटर अभ्र्याला लावून पाहिलं. "अठ्ठावन्न. शेठ, भाऊसाहेब गारठतील."

"कोण भाऊसाहेब?"

त्यांनी ओव्हरकोटाची बटणं काढली, साप अभ्र्यासकट आत पोटाशी धरला आणि बटणं लावली. मी रूट सत्तावीसवर गाडी चालवतोय की किंचाळतोय हे मलाच कळेना. हे आपले शांतपणे छातीकडे बघून म्हणाले, "आलंच हं घर."

आमच्या सौभाग्यवती पहिल्या दिवशी म्हणाल्या, आपण जागा बदलू. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू आणि दुधाची वाटी घेऊन पळसुल्यांच्या दारात उभ्या.

"वहिनी, साप दूध पीत नाही."

"तुम्ही पिता ना? मग तुम्ही प्या. मी वाटी परत नेणार नाही."

त्यांनी ते उभ्या उभ्या प्यायलं. तापमान न बघता प्यायलं, याची तिने नोंद घेतली.

आमची मीना अकरा वर्षांची, इथेच जन्मलेली. "ही इज सो क्यूट, बाबा!" म्हणत ती टाकीला नाक लावून बसायची. पळसुल्यांनी घर तापवून अगदी कोकण करून टाकलं. बाहेर बर्फ आणि हे बनियनवर. टाकीच्या चारी कोपऱ्यांत चार थर्मामीटरं, खुर्ची समोर. कामावरून आले की खुर्चीत. "ऊन कोपरा अठ्ठ्याऐंशी, सावलीचा कोपरा अठ्ठ्याहत्तर. उत्तम आहे. पण भाऊसाहेब अजून जेवले नाहीत."

जेवणाची गंमत अशी की पळसुले जन्माचे शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा नाही. त्यांनी रिककडून जिवंत उंदीर आणला आणि डबा माझ्या हातात दिला. "शेठ, तुम्ही मटण खाता ना? मग तुम्हीच सोडा."

"मटण खातो! उंदरांचा वाढपी म्हणून नोकरी धरलेली नाही!"

सोडला मीच. भाऊसाहेबांनी चेंडू केला. उंदीर त्याच्यावर चढून मिशा साफ करत बसला. तासाभराने पळसुल्यांना काळजी वाटली की उंदीरच सापाला चावेल, म्हणून त्याला काढून बुटाच्या खोक्यात ठेवला, पोळीचा तुकडा दिला. पुढच्या आठवड्यात रंग आवडला नसेल म्हणून करडा उंदीर आणला. मग एक लहान. मीनाने तिघांना नावं दिली. घरात साप एक, उंदीर तीन, सगळे मजेत, उपाशी फक्त साप. आणि पळसुले. कारण आमच्या हिच्या लक्षात आलं की तिने पाठवलेली भाजीपोळी परत येतेय. "समोर कोणी उपाशी असताना घास उतरत नाही, वहिनी," म्हणे.

मी दिवस मोजत होतो. नववा, अकरावा. "पळसुले, रविवारी गॅरंटी संपते. त्याच दिवशी सकाळी निघायचं. कागद माझ्याकडे आहे. दुसरा घेऊ, चांगला खाणारा, धडधाकट."

"बघू," म्हणाले.

तेराव्या दिवशी संध्याकाळी मी दुकान बंद करून जिना चढतो तर हे दारातच उभे. "शेठ, जेवले."

"काय सांगता!"

"एक उंदीर. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. ऊन कोपरा अठ्ठ्याऐंशी होता."

आता आकडे दिल्यावर मी काय शंका घेणार? मी त्यांना मिठी मारली. हिने शिरा केला. रविवार आला, गेला. माझा तो सोन्यासारखा कागद रद्दी झाला आणि मी शिरा खाल्ला!

पुढच्या रविवारी दुपारी मीना त्यांच्याकडून खेळून आली. "बाबा, मी आज सगळ्या माइसना चीज दिलं. ऑल थ्री."

"तीन कसे? एक भाऊसाहेबांनी खाल्ला ना?"

"नो, बाबा. ही डिडन्ट ईट एनीबडी."

मी चप्पलसुद्धा घातली नाही. तसाच समोरच्या दारात गेलो आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा बोललो. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात! त्या तीन डॉलरच्या इस्त्रीबद्दल म्हातारीशी खोटं बोलवेना तुम्हाला, आणि माझ्याशी बोलवलं? मी त्या मगरवाल्याकडून रक्त आटवून कागद घेतला. तुम्ही तो कुजवलात. का?"

पळसुले टाकीसमोरच्या खुर्चीत होते. उठले नाहीत. "नेला असता तर त्यांनी परत घेतला असता ना," एवढंच म्हणाले.

"घेणारच! गॅरंटी कशाला असते?"

मग सापाकडेच बघत, रंगाच्या डब्यावरचं लेबल वाचावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं. एक मुलगा, वय वर्षं नऊ. घरात पाच भावंडं, वडिलांची मास्तरकी. इंदूरचे एक लांबचे काका, मूल नसलेले, त्यांनी याला दत्तक घ्यायचं ठरवलं. याला नेऊन पोचवलं. मोठं घर, चांदीचं ताट. याच्या घशाखाली घास उतरेना. घरचे सगळे समोर बसायचे, आज तरी खातो का बघायला. जितके ते बघायचे तितका घसा आवळायचा. बारा दिवसांनी वडिलांना पत्र गेलं: मुलगा जेवत नाही, परत पाठवत आहोत, याच्याऐवजी धाकटा पाठवा. धाकटा गेला. तो पहिल्याच दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवला.

"मी जेवणारच होतो, शेठ," पळसुले म्हणाले. "अजून थोडे दिवस थांबले असते, तर जेवलो असतो."

मला रागावर राग चढवता येतो, पण राग चढलेला असताना असं काही ऐकलं की काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी खोलीभर नजर फिरवली. समोर खुर्ची. चार थर्मामीटरं. चोवीस तास दिवा. आणि दोन फुटांवर बसून रोखून बघणारे दोन डोळे.

"उठा," मी म्हटलं. "अहो, उठा म्हणतो ना! त्या बिचाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलाय चोवीस तास. असा कोणी जेवतो का?"

मी दिवा घालवला. त्यांच्या पलंगावरची चादर ओढून टाकीवर टाकली. करडा उंदीर आत सोडला, मीनाची मनातल्या मनात माफी मागून.

"पण उंदीर चावला तर..."

"चावू दे. चला."

दंडाला धरून त्यांना आमच्याकडे आणलं, पाटावर बसवलं. हिने वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली. मी हिला डोळ्याने खूण केली आणि आम्ही दोघं उगाचच बाल्कनीत कपडे वाळलेत का बघायला गेलो. परत आलो तर ते तिसरी भाकरी मोडत होते.

दीड तासाने चादर उचलली. उंदीर नव्हता. भाऊसाहेब चेंडू सोडून लांब पसरले होते, मधे एक फुगवटा. पळसुल्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. कोपऱ्यात किती डिग्री होतं ते त्यांनी त्या दिवशी पाहिलंच नाही. मीना रडत होती, तिला जवळ घेऊन बसले.

पळसुल्यांवरची माझी तक्रार कायम आहे. मला फसवलं ते फसवलंच. पण ती मी भांडून वसूल करीन, आमची दारं समोरासमोर आहेत. मला हिशेब मागायचा आहे तो इंदूरच्या त्या घराकडे. ते काका-काकू आता नाहीत असं कळतं, पण त्या ताटासमोर ओळीने बसलेल्यांपैकी कोणीतरी हयात असेल, कोणीतरी हे वाचत असेल. त्याने मला सरळ सांगावं. नऊ वर्षांचं पोर आईला सोडून तुमच्या दारात आलं होतं. बारा दिवसांत तुमच्यातल्या एकालाही सुचलं नाही का, की आपण इथून उठावं, दार ओढून घ्यावं आणि त्याला एकट्याला जेवू द्यावं? आणि "याच्याऐवजी धाकटा पाठवा" हे पत्रात लिहिलं कोणी? नाव सांगा.