‘किल्ली कुणाकडं’ या गाण्याचा जाहीर सत्कार

समाजाला जागं करायचं असेल तर आधी त्याला नीट बसवावं लागतं. उभा समाज जागा होत नाही. तो घरी जातो. म्हणून आपल्याकडे जनजागृतीची सुरुवात खुर्च्यांपासून होते. पुढे सोफे, मागे गादीच्या खुर्च्या, त्यामागे प्लास्टिकच्या, आणि अगदी शेवटी, भिंतीला टेकून, ज्यांच्यासाठी ही जागृती चाललेली असते ती मंडळी.

देवणीच्या संगमेशला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. तो आपला बास गिटार वाजवायचा. त्याच्या बँडचं नाव ‘वशिंड’. देवणी बैलाचं वशिंड चालताना जसं आपोआप डुलतं, तसं ऐकणाऱ्याचं अंग डुलावं, एवढाच त्यामागचा विचार. बँड फंक वाजवायचा. फंक म्हणजे काय, अशी विचारणा आजवर लातूर जिल्ह्यात सात जणांनी केली आहे (पैकी दोघे बँडमध्येच आहेत). सोप्या भाषेत सांगायचं तर पहिल्या ठोक्यावर सगळं वजन टाकायचं, मधेमधे मुद्दाम गप्प बसायचं, आणि बासची तार अशी उपटायची की समोरच्याची मान त्याला न विचारता हलायला लागते. ड्रमवर गोलू. ट्रम्पेटवर वैजनाथ, जो लग्नसराईत वरातीच्या बँडमध्ये असे आणि उरलेल्या महिन्यांत क्रांतीत. बँड पूर्णपणे स्वतंत्र होता, म्हणजे त्याला कुठलीच कंपनी विचारत नव्हती.

‘वशिंड’चं गाजलेलं गाणं मात्र संगमेशच्या मायमुळे झालं. साखराबाई एकदा आठवडी बाजारात भुईमुगाच्या शेंगा विकायला गेली होती. (गावाचं नाव सांगत नाही, इतर गावांना उगाच वाईट वाटायचं.) तिथे महिलांसाठी प्रसाधनगृह होतं. बांधलेलं, रंगवलेलं, दारावर गुलाबाचं फूल काढलेलं, रीतसर उद्घाटन झालेलं आणि कुलूप लावलेलं. किल्ली कुणाकडे, असं तिनं चहावाल्याला विचारलं. त्यानं शिपाई दाखवला, शिपायानं साहेब दाखवला, साहेबानं वॉचमन सांगितला, आणि वॉचमन जेवायला गेला होता. साखराबाई शेंगा तशाच उचलून मिळेल त्या जीपनं घरी आली. कुणाला काही बोलली नाही. फक्त बाजाराच्या दिवशी पाणी प्यायचं तिनं बंद केलं.

हे संगमेशच्या ध्यानात यायला वर्ष लागलं. (मुलगा म्हटल्यावर हे सरासरीपेक्षा लवकरच.) ध्यानात आलं तेव्हा मात्र त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्या रागात त्यानं एका बैठकीत गाणं केलं. ‘किल्ली कुणाकडं? किल्ली कुणाकडं?’ एवढंच धृपद.

गाणं असं काही चाललं म्हणता! उदगीरच्या मोंढ्यात हमाल म्हणू लागले, लातूरच्या क्लासची पोरं म्हणू लागली, वरातीत नवरदेव गाडीतून उतरून त्यावर नाचू लागले. सामाजिक आशय पुरुषांना विशेष भावला. बाजारातल्या त्या दाराच्या बाबतीतही लक्षणीय प्रगती झाली. लोक कुलुपापाशी सेल्फी काढायला येऊ लागल्यामुळे ते जुनं गंजकं कुलूप काढून नवीन, चकचकीत कुलूप बसवण्यात आलं.

आणि साखराबाईनं शेवटचं सुनावून लेकाशी बोलणं टाकलं.

“माझ्या असल्या गोष्टीचं गाणं केलास? लोक दात काढून राहिले, मी गावात तोंड कसं दाखवू रं?”

“माय, तुला हसलो न्हाई मी. एकदा आख्खं ऐक की!”

“न्हाई ऐकायचं मला.”

संगमेशला देशभर नाव नको होतं, मोबाइलवरचे आकडे नको होते. मायनं एकदा, समोर बसून, सगळं गाणं ऐकावं आणि ते तिची टिंगल नाही हे तिला कळावं, एवढ्यासाठी त्याचा जीव तुटत होता. एवढ्यात नांदेडच्या जनजागृती सुसंवाद मंडळाचा फोन आला. गाण्याचा जाहीर सत्कार ठरला होता, शिवाय ‘प्रेरणास्थान’ म्हणून साखराबाईंचाही. एवढ्या मानानं बोलावणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? “येते,” ती म्हणाली, “एकदा ऐकते. मग बघू.” निघताना तिनं अर्धा कप चहा घेतला. पाण्याला शिवली नाही.

कार्यक्रम भर उन्हाळ्यात, सकाळी अकराला. महिलांची उपस्थिती लक्षणीय होती; बचतगटाच्या बायका दोन टेम्पो भरून आणल्या होत्या. महिलांच्या प्रश्नावरचा कार्यक्रम असल्यानं त्यांच्याकडे खास लक्ष पुरवलं गेलं. आल्याआल्या लिंबू सरबत, दीपप्रज्वलनानंतर मठ्ठा, प्रास्ताविकानंतर गार पाण्याच्या बाटल्या. “घ्या की ताई, लाजता कशाला?” असा आग्रह. मंडळाचे अध्यक्ष श्रीमंतराव यांनी तर साखराबाईंना व्यासपीठावर बोलावून शाल घातली आणि स्वतःच्या हातानं मठ्ठ्याचे दोन ग्लास पाजले. एवढा मोठा माणूस, फोटोवाला समोर; त्या माउलीनं डोळे मिटून ते दोन्ही पिऊन टाकले.

त्यानंतर सत्कार सुरू झाले. अध्यक्षांचा झाला, उपाध्यक्षांचा झाला, मंडपवाल्याचा झाला, मठ्ठा केला त्याचा झाला. ज्यांचे सत्कार राहून गेले त्यांच्याकडे दिलगिरी व्यक्त करण्यात आली आणि मग त्यांचेही झाले. गाणं दीड वाजता होतं. दीड वाजून गेला. श्रीमंतराव ‘महिलांची कुचंबणा: काल, आज आणि उद्या’ या विषयातल्या ‘काल’पाशी होते.

मागच्या बाजूला सभागृहाचं महिला प्रसाधनगृह होतं. ते महिलांसाठी स्वच्छ राहावं म्हणून त्याला कुलूप होतं. किल्ली सभागृहाचा रखवालदार व्यंकटी याच्याकडे असे. तो कुठे आहे, याची प्रत्येकाला पक्की माहिती होती आणि प्रत्येकाची वेगळी होती.

गळ्यात हार, मांडीवर नारळ अशा अवस्थेत संगमेशला व्यासपीठावरून, मागे बायकांत परत जाऊन बसलेली माय दिसत होती. ती उठली, मागे गेली, परत आली, बसली. पुन्हा उठली. परत येऊन तिनं पदराचं टोक मुठीत आवळून धरलं आणि मान खाली घातली. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नारळ खाली ठेवून तो उठला आणि अध्यक्षांच्या हातातून त्यानं माईक ओढला.

“थांबा हो! माझी माय तळमळून राहिली तिकडं! बायकांच्या संडासची किल्ली कुणाकडं हाय?”

मागे ड्रमपाशी ताटकळत बसलेल्या गोलूनं पहिल्या ठोक्यावर असा काही दणका दिला की बस्स! तीन तास बसून अवघडलेला समाज एकदम उभा राहिला.

“किल्ली कुणाकडं? किल्ली कुणाकडं?”

“न्हाई हो! गाणं न्हाई! मी खरंच इचारून राहिलो!”

ही ओळ मूळ गाण्यात नव्हती. लोकांना ती बेहद्द आवडली. “खरंच इचारून राहिलो!” असं सोफ्यांपासून प्लास्टिकपर्यंत सगळे म्हणू लागले. वैजनाथनं ट्रम्पेट उचलला. श्रीमंतराव भाषणाचे कागद हवेत हलवत डोलू लागले. जे भाषणांनी साधलं नाही ते एका प्रामाणिक प्रश्नानं साधलं; समाज खरोखर जागा झाला होता, घामाघूम झाला होता.

सगळ्यात पुढे, दोन्ही हात वर करून, एक इसम देहभान विसरून नाचत होता. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि तो दर पहिल्या ठोक्याला छनछन वाजत होता. तो व्यंकटी. संगमेशनं जुडगा पाहिला आणि व्यासपीठावरून खाली उडी मारली. कलावंत जनतेत आला म्हटल्यावर जनतेला भरून आलं. तिनं त्याला वरच्या वर झेललं आणि खांद्यावर घेऊन नाचवलं. तो “किल्ली! त्याची किल्ली!” म्हणून हात करत होता, आणि जेवढा ओरडत होता तेवढी ताल धरायला मदत होत होती.

त्या खांद्यांवरूनच त्याला दिसलं, भिंतीकडच्या बायका एकामागून एक बाहेर पडत होत्या. सगळ्यात पुढे साखराबाई. (मंडळाच्या अहवालात याची नोंद ‘महिलांनी अत्यंत शिस्तीत सभागृह सोडले’ अशी आहे.)

तो सुटून बाहेर आला तेव्हा माय रस्त्यापलीकडच्या एका घराच्या पायरीवर बसली होती. कावेरीबाई नावाच्या कुणा बाईचं घर. तिनं दार उघडून काही न विचारता सगळ्यांना आत घेतलं होतं. रांग अजून चालू होती. साखराबाई तांब्यातून पोटभर पाणी पीत होती.

“झालं गाणं?”

“झालं.”

“लोकांनला आवडलं?”

“लई.”

“मंग किल्ली?”

संगमेशला रडूच आलं.

“गाणं काय मला ऐकू आलं न्हाई बाबा,” ती म्हणाली. “पर तुझं वरडणं ऐकलं. इतक्या बाप्यांत माझ्यासाठी कुणी असं वरडलं न्हाई कवा. जा, न्हाई राग आता.”

कार्यक्रम कमालीचा यशस्वी झाला. किल्ल्यांचा तो नाद गोलूला इतका आवडला की नव्या ध्वनिमुद्रणासाठी त्यानं व्यंकटीला लातूरला बोलावून घेतलं. श्रेयनामावलीत त्याचं नाव आहे, ‘किल्ल्या: व्यंकटी’. सध्या बँडचे दौरे चालू असल्यानं तो बाहेरगावीच असतो आणि किल्ल्या अर्थातच वाद्य म्हणून सोबत असतात. सभागृहाच्या महिला प्रसाधनगृहाच्या दारावर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ अशी पाटी लावण्यात आली आहे.

असं एक कुलूपबंद दार आपल्या कचेरीत, बँकेत किंवा मंगल कार्यालयातही असणार. त्याची किल्ली कुणाकडं असते, हे आपल्याला सांगता येईल का? ही गोष्ट वाचता वाचता ते आठवून बघावंसं वाटलंच नसेल, तर अभिनंदन. आपण पुरुष आहात.