घाटावर कावळे जेवले

शिरोलीच्या कारखान्यातून बंडूला फोन आला होता, 'आम्ही कळवल्याशिवाय येऊ नका.' त्याला तीन आठवडे झाले, अजून काही कळवलेलं नव्हतं. नेमक्या त्याच आठवड्यात मुलांच्या शाळेला सुट्टी लागली. दिवसभर बाप घरात, पोरं घरात, आणि बापाच्या तोंडाकडे बघत बसलेली पोरं पाहिली की कालिंदीच्या घशाखाली घास उतरत नसे. म्हणून तिनं ठरवलं, रोज सकाळी मुलांना घेऊन बाहेर पडायचं. जिथे तिकीट नाही, तिथे जायचं.

पहिल्या दिवशी रंकाळा झाला. तिथे तिकीट नव्हतं, पण भेळेचे गाडे होते, घोडा होता, फुगे होते. सहा वर्षांची भैरवी प्रत्येक गाड्यापुढे थांबून रडली. दुसऱ्या दिवशी बाग झाली. तिथे दारातच आईस्क्रीमवाला. तिसऱ्या दिवशी दहा वर्षांच्या आदर्शनं सरळच विचारलं, "पप्पा, आमाला सुट्टी हाय ते ठीक हाय. तुमाला कसली सुट्टी?" त्यावर बंडूनं त्याला खाली पाडून गुदगुल्या केल्या. गुदगुल्या करताना तो स्वतः मात्र हसला नाही.

चौथ्या दिवशी कालिंदी म्हणाली, "आज पंचगंगेच्या घाटावर जाऊया. देऊळ हाय, पाणी हाय, सावली हाय."

"आणि गाडं?" बंडूनं विचारलं.

"एक न्हाई."

"असणार कसं? तिथं माणसं मढ्याच्या मागनं येत्यात," बंडू म्हणाला. "चला, आपल्याला शोभतंय ते."

सकाळी आठला चौघं घाटावर पोचले. आभाळ भरून आलेलं, पण पडत काही नव्हतं. उन्हाळ्यानं नदी आटून पार तळाला गेलेली, कडेला जलपर्णी साचलेली. कालिंदीनं देवळातल्या महादेवाला पाणी घातलं आणि सर्वांत वरच्या पायरीवर डबा उघडला. तिचा रोजचा नेम होता, आधी पाखराला घास, मग आपल्याला. मुलांनाही तिनं तेच शिकवलं होतं.

"आई, पाखरू न्हाई गं हितं," भैरवी म्हणाली. "कावळंच हायती सगळं."

"कावळा बी पाखरूच की. घाल."

भैरवीनं चपातीचा तुकडा फेकला. एक कावळा आला. दुसऱ्या तुकड्याला चार आले. मग आदर्शनं तुकडा हवेत उडवला आणि कावळ्यानं तो वरच्या वर झेलला, तेव्हा मुलं अशी खिदळली की तीन आठवड्यांत त्या घरात तसं हसू ऐकू आलं नव्हतं. बंडूही सरसावून बसला. "थांब, मी टाकतो. बघ, तो जाडा कसा येतोय!" कालिंदीनं बारा चपात्या आणल्या होत्या. माणसाला मागे ठेवून पाखराला जास्त घालू नये असा काही नेम तिच्या माहितीत नव्हता.

खाली नदीजवळ तीसेक माणसं गोळा झाली होती, तिकडे चौघांचंही लक्ष गेलं नव्हतं. ते गेलं एका आरोळीनं.

"आबा! तुमची म्हस इकणार न्हाई! शब्द देतो!"

कालिंदीनं खाली पाहिलं. पत्रावळीवर भात, भजी, चिवडा, वाफ गेलेला चहा. सगळे हात जोडून आभाळाकडे बघत होते. रक्षाविसर्जन आटोपून मयताच्या आवडीचा नैवेद्य कावळ्यासाठी ठेवला होता आणि त्याच्या आसपास एकही कावळा नव्हता. घाटावरचे झाडून सगळे कावळे वरच्या पायरीवर भैरवीपुढे बसले होते.

तिच्या हातातली चपाती गळाली. तीही एका कावळ्यानं नेली.

"आवो," ती बंडूच्या कानाशी कुजबुजली, "त्यांचा कावळा आपल्याकडं हाय."

बंडूनं खाली पाहिलं, वर पाहिलं. "आयला," एवढंच तो म्हणाला.

"पोरांनो, बास! झाकण लावा!" पण झाकण लावून काय उपयोग? कावळे हलेनात. आदर्शनं हुसकले तर दोन पायऱ्या उडून परत यायचे.

खाली मयताचा मोठा मुलगा आकाराम घामाघूम झाला होता. मयत केरबा आबांची इच्छा काहीतरी राहिली, ती बोलून दाखवल्याशिवाय कावळा शिवायचा नाही, असं भावकीतले तात्या ठणकावून सांगत होते. म्हशीनं जमलं नाही म्हणून आकारामनं शेजाऱ्याशी असलेलं बांधाचं भांडण मिटवलं. शेजारी तिथेच उभा होता, त्यानं फवारणीचा पंप परत करायचं कबूल केलं. धाकट्या मुलानं दारू सोडली. तरीही कावळा नाही म्हटल्यावर मागून एक पुतण्या रडवेला होऊन पुढे आला.

"आबा, तुमचा मोबाईल हरवला न्हवता. माज्याकडं हाय."

"आणि कुणाकडं काय हाय?" तात्या ओरडले. "पटापटा बोला! घरला पावणं येऊन बसल्यात!"

कालिंदीला पुढचं बघवेना. एका जिवाची वाट आपण अडवली, तीही नेम पाळताना, या विचारानं ती चार पायऱ्या उतरली. बायका बाजूला पिंपळाखाली बसल्या होत्या. त्यांच्या कडेला, जराशी एकटी, एक वाळकी म्हातारी होती. कपाळ मोकळं. हीच मयताची बायको, हे ओळखायला विचारावं लागलं नाही. कालिंदी जाऊन तिच्यापुढे वाकली.

"आजी, चूक आमची झाली. कावळ्यास्नी माझ्या पोरांनी खायाला घातलं. मी खाली जाऊन सांगते सगळ्यास्नी."

म्हातारीनं, बनाबाईनं, तिचं मनगट धरलं. पकड म्हातारीची वाटत नव्हती.

"खाली बस."

"पण आजी..."

"बस म्हणतो न्हवं? मघापासनं बघालोय मी. मला काय दिसत न्हाई व्हय?" तिनं आवाज खाली आणला. "बारावं झालं की माझ्या घराला कुलूप घालणार हैत. एक म्हैना कबनूरला थोरल्याकडं, एक म्हैना वारणानगरला धाकट्याकडं. मला इचारलं बी न्हाई. पन्नास वरसं त्या चुलीपुढं बसलो, आता पिशवी घिऊन हिंडू? त्यो थोरला सगळं बोलालाय, तेवढं एकच बोलंना झालाय. डब्यात काय उरलंय?"

"चपात्या हैत."

"घाल आणि दोन. तेवढ्यात बोलंल त्यो."

कालिंदीनं आयुष्यात देवाधर्माच्या कामात लबाडी केली नव्हती. ती परत वर आली, डबा उघडला आणि मुलांना म्हणाली, "घाला. पण सावकाश घाला." बंडूनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू बायको नव्यानंच भेटली.

अर्धा तास गेला. आदर्शनं विचारलं, "आई, हे पुण्य हाय का पाप?" तिनं त्याला चपाती फाडायला लावली.

अखेर तात्याच म्हणाले, "आकाराम, म्हातारीचं काय ठरवलंयसा? ते बोल. केरबाचा जीव तिच्यात असणार."

आकारामनं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं नदीकडे पाहिलं. मग आकाराम पत्रावळीपुढे गुडघ्यांवर बसला. तो रडायलाच लागला. "आबा, आईला घरातनं हलवत न्हाई. घराला कुलूप घालत न्हाई. तिचं घर तिलाच. आता तरी या."

सगळे परत आभाळाकडे बघू लागले. बनाबाईनं वरच्या पायरीकडे पाहिलं आणि कालिंदीला हातानं खूण केली, की पुरे. कालिंदीनं झाकण लावलं. मुलं हात झटकून उठली.

आणि कावळे काही आले नाहीत.

ते कठड्यावर ओळीनं बसून चोची घासत होते. एक तर डोळे मिटून बसला होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाऊण तास झाला. खाली आकाराम उठून उभा राहिला. गुडघे झटकताना त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"तात्या, म्हंजी ही बी इच्छा न्हवती तर," तो म्हणाला. "मग आधी ठरलंय तसंच ऱ्हाऊ दे की. आबांस्नी बी पसंत दिसतंय."

बनाबाई ताडकन उठून चार पायऱ्या चढून आली. "किती घातल्यास गं?"

"नऊ," कालिंदी रडकुंडीला आली होती.

"नऊ! आगं, माझ्या लग्नात तेवढ्या झाल्या न्हवत्या! आता सांजच्यापतूर हलत्यात व्हय ते?" ती मटकन पायरीवर बसली. मघाची सगळी चलाखी तिच्या तोंडावरून पुसली गेली. उरली ती नवरा गेलेली एक बाई, जिचं घर आत्ताच दुसऱ्यांदा गेलं होतं. "जाऊ दे पोरी. पिशवी शिवून घेतो."

मीच जाते, सगळं खरं सांगते, असं कालिंदीच्या मनात आलं. पण खरं सांगितलं तर मघाचा शब्दही खोट्यावर घेतला असंच ठरणार होतं. बंडू मान खाली घालून शेजारी बसून होता. "आपण जिथं जाऊ तिथं हे असंच," तो पुटपुटला.

या सगळ्यात भैरवीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. डब्यात उरलेल्या चपातीचा चतकोर घेऊन ती पायऱ्या उतरत खाली गेली होती. तीस माणसांच्या मधून वाट काढत ती आकारामपुढे उभी राहिली.

"काका, तुमी लई रडालासा. हे खावा."

आकाराम पहाटेपासून उपाशी होता. समोर कोण आहे, काय देतंय, याचा विचार न करता त्यानं हात पुढे केला. चतकोर हातात येतोय तोच कठड्यावरचा जाडा कावळा उठला. पोट भरलं होतं, पण सकाळपासून भैरवीनं हात पुढे केला की उडायचं, एवढं त्याला पक्कं झालं होतं. पंख तोंडावर आले तसा आकाराम दचकला, चतकोर पत्रावळीवर पडला आणि कावळा त्याच्यामागोमाग भातात उतरला.

"शिवला!" तात्या गरजले.

"न्हाई तात्या, त्यो चपातीला..." पुतण्या काहीतरी बोलू लागला.

"शिवला म्हंजी शिवला! पानात पाय पडला का न्हाई? आणि कुठल्या शब्दाला शिवला ते तीस माणसांनी ऐकलंय!"

भुकेलेल्या तीस माणसांनी एका आवाजात होकार दिला. आकाराम वर आला आणि त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, चुकलो. घर तुजं." म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पाच मिनिटांत माणसं पाय धुऊन गाड्यांकडे निघाली.

बनाबाई मात्र पायरीवरून उठली नाही. ती त्या जाड्या कावळ्याकडे टक लावून बघत होती. तो आता सावकाश, मोजून मापून भजी खात होता. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती.

कालिंदी तिच्याजवळ बसली. "आजी, आपल्या हातनं पाप तर झालं न्हाई न्हवं? तुमाला तर ठावं हाय, त्यो कशाला आला..."

"मला न सांगता ठावं हाय," बनाबाईनं पदरानं नाक पुसलं. "तेच आल्यात. पोट भरल्याबिगार माझं एक अक्षर ऐकलं न्हाई कदी त्यांनी."