मोहटोल्यावरील आकाशगोट्याची स्वारी

शके अठराशे सत्त्याहत्तर, मन्मथनाम संवत्सरे, वैशाख वद्य पक्षी मौजे मोहटोला, प्रांत चांदा, येथे आकाशीच्या गोट्यावर जी मोहीम जाहली, ती घडली तैशी लिहिली. खोटे असेल तर लिहिणाराचा हात झडो.

माजी मालगुजार राजमान्य राजश्री गुणवंतराव यांची मालगुजारी सरकारजमा जाहली, परंतु मिशीचा पीळ खालसा जाहला नव्हता. नागपुराहून अखबार येई, तो त्यांणी चावडीवर वाचोन दाखवावा, आणि तोवर जगात काही घडलेच नाही, ऐसा गावचा दस्तूर. अखबार आला तेव्हा स्वारी अहेरीस सोयरिकीत गुंतली; मग तीन आठवड्यांनी परतोन बुधवारी वाचन केले, की डोंगराएवढा गोटा येत्या सोमवारी दोनप्रहरी पृथ्वीजवळोन जाणार, आणि विलायतेचे ज्योतिषी दुर्बिणी लावोन त्याची चाल मोजिताती. लागलाच हुकूम सुटला, की गोटा तलावातच पडेल, सबब सोमवार सरेतो कोणी तलावात पाय घालू नये.

मासे धरोन पोट भरणारा इस्तारी ढिवर डोक्यास हात लावोन बसला. तलाव आटोन कमरेइतका उरला, पाणी तापले, आणि चार दिवसांत न काढिले तर मासे चिखलात सडोन ढिवरटोली पावसाळ्यापर्यंत उपाशी. बायको कुंता म्हणाली, "गोटा पडन तवा पडन. तू आताच काऊन मरून राह्यला? मास्तरले तं विचार."

मग दादाजी मास्तरांनी चावडीत टांगलेल्या अखबाराची तारीख पाहिली आणि पोट धरोन हसले. "इस्तारी, हा कागद वीस एप्रिलचा. तो सोमवार कवाचाच गेला, गोटाही गेला."

"मंग मालकाले सांगा ना."

"मले नोकरी करा लागते, बाबा."

गुरुवारी उजाडताच इस्तारीने टोलीसह तलावात जाळे घातले. हुजुरांनी लटारू कोतवालास रवाना केले. तो पाळीवरोन, तलावाच्या बांधावरोनच, ओरडला, की बाहेर निंगा. कुंता म्हणाली, "लटारूभाऊ, हुकूम घेऊन पाण्यात ये ना." पाण्यात पाय घालण्याची मनाई कोतवालासही होती. तो चार दिवस पाळीवरच मनाई करीत राहिला, आणि ढिवर मासे काढीत राहिले.

सोमवारी हुजूर बंदूक, डफडी आणि तमाम रयत घेऊन पाळीवर उभे ठाकले. दिवस कलला, गोटा आला नाही. मग जाहीर केले, की शत्रू दहशत खाऊन पळाला, सबब इस्तारीने दोन मरळ मासे नजराणा हाजीर करावे.

इस्तारी हात जोडोन म्हणाला, "मालक, नजराणा गोट्याले मागा. तो तीनच हप्ते समोर गेला."

रयत हसली. सर्वांआधी मास्तर हसले.

येणेप्रमाणे गोट्यावर फत्ते जाहली, ती हुजुरांचे नावे दाखल असे. मासे ढिवरांचे नावे.