विहिरीच्या फायलीतले खापरपणजोबा

साडूंनी आपल्या पणजोबांचा घोड्यावर बसलेला फोटो दिवाणखान्यात लावला आणि पाणीखात्यातल्या हेडक्लार्कांना तिथला चहा कडू लागला. (घोडा स्टुडिओतला होता, पण पुरावा नव्हता.) तिरीमिरीत ते सगळ्यांदेखत बोलून बसले, "आमच्या खापरपणजोबांनी अख्ख्या गावाला विहीर दिली!"

"कागद आहे?" साडूंनी विचारलं.

"पुढच्या रविवारी आणतो!"

"नसती उठाठेव," बायको पुटपुटली.

रजा टाकून हेडक्लार्क जुन्या दप्तराच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला.

"निळी शाई चालत नाही. काळ्या शाईत लिहून आणा."

दुसऱ्या दिवशी काळ्या शाईत नेला.

"मृत्यूचा दाखला?"

"अहो बाई, दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस जिवंत असेल का?"

"ते आम्ही कसं सांगणार?"

हेडक्लार्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांना इतकं नाडायचं? (अठ्ठावीस वर्षं ते स्वतः हेच करत होते, पण टेबलाच्या त्या बाजूने ते एवढं वाईट दिसत नाही.)

शनिवारी एकदाची फाईल हाती पडली. वर खापरपणजोबांचं नाव आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'विषय : गावची विहीर व कारकुनाची कामगिरी'. त्यांचा ऊर भरून आला. विषयाच्या ओळीखाली वाचायची सवय त्यांना नोकरीत कधी लागलीच नव्हती. फाईल कपाळाला लावून ते तडक घरी आले.

रविवारी साडूंच्या दिवाणखान्यात उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आम्ही समस्त गावकरी कळवतो की, सदर कारकुनाने विहिरीचा अर्ज..." इथे ते घाईघाईने कागद मिटू लागले. साडूंनी अलगद कागद काढून घेतला आणि पुढे वाचलं, "...अकरा वर्षं दाबून ठेवला. 'सही अस्पष्ट', 'शाई फिकट' असे शेरे मारून सात वेळा परत पाठवला. त्याची बदली झाली, तेव्हा कुठे विहीर झाली."

दिवाणखान्यात एकच हशा पिकला. हेडक्लार्कांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बायकोला मात्र त्यांची दया आली.

"हसू नका हो," ती म्हणाली. "अकराच वर्षं ना? फार कामसू होते म्हणायचे. आमच्या घरच्या नळाचा अर्ज यांच्या टेबलावर तेरा वर्षं पडलाय."