मामा कूलरपुढे बसला

दोनच मिनिटं कूलरपुढे टेकू, एवढंच मी ठरवलं होतं. त्या दोन मिनिटांपायी सख्ख्या बहिणीनं वऱ्हाडासमोर माझे पाय धरले.

तसं मला ऊन सोसत नाही, हे फक्त मला आणि सूर्याला माहीत आहे. (बायकोलाही माहीत आहे, पण ती ते गावभर सांगते, म्हणून तिला धरलेलं नाही.) मार्च लागला की डोकं तव्यासारखं तापतं, आणि मे महिन्यात दारातला पेपर आत आणेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे नाचतात. पण कबूल करायची सोय नाही. तरुणपणी भर मे महिन्यात मी जानेफळहून मेहकरला अनवाणी गेलो आणि वाटेत सावली लागली की ती टाळून चाललो, असं मी बुलढाण्याच्या आमच्या ऑफिसात आणि साऱ्या नातलगांत सांगून ठेवलेलं आहे.

अशात भाचीचं, प्रेरणाचं, लग्न निघालं. डोणगावला, मे महिन्यात, मुहूर्त ऐन बाराचा.

"दादा," कोकिळाचा फोन आला, "अंतरपाट धरला का पोरीच्या पाठीशी मामा पाह्यजे. मले तू एकच भाऊ. तू नसला तं लोक मले जन्मभर बोलतीन."

"अवं, उन्हाले मी भेतो काय?" मी म्हणालो, आणि फोन ठेवून तांब्याभर पाणी प्यालो.

लग्नाच्या दिवशी सुचितानं, म्हणजे बायकोनं, ऊन लागू नये म्हणून माझ्या खिशात कांदा घातला, ओला दुपट्टा डोक्या-तोंडाला गुंडाळला आणि मागून अशी गाठ मारली, की ती सोडवायला पंचायत बसवावी लागली असती. वर काळा गॉगल. आमच्याकडे मे महिन्यात सगळेच पुरुष असे दिसतात. अक्षता टाकायला कोण आलंय आणि दरोडा घालायला कोण, हे ओळखू येत नाही.

मंडपात जीव थाऱ्यावर राहीना. खुर्चीवर बसलो, तर तापलेल्या खुर्चीनंच उठवलं. उभा राहिलो, तर मंडपाचा खांब माझ्याभोवती फिरू लागला. मळमळायला लागलं. तेवढ्यात कोपऱ्यात दिसला तो कूलर! समोर सोफा, आणि सोफा रिकामा. बसलो. डोळे मिटले.

आता, तो सोफा रिकामा का होता? तर नवऱ्या मुलाकडचे मोठे जावई, इंद्रभानराव, रुसले होते. जानोशातल्या, म्हणजे वऱ्हाडाच्या उताऱ्यातल्या, कूलरमध्ये पाणी नव्हतं, हा अपमान समजून ते तोंडाला दुपट्टा बांधून कुठंतरी निघून गेले होते, आणि आमचे भाऊजी, म्हणजे कोकिळाचे यजमान शेषराव, त्यांना गावभर शोधत होते.

"अहो, हे काय बसले इथं!" शेषरावांचा आवाज आला. "बापू, राग सोडा न आता. हा कूलर तुमचाच समजा."

मी डोळे उघडले. खुलासा करणार होतो, पण बोलायला तोंड उघडलं तर मळमळ वर यायची. तेवढ्यात दुपट्ट्याखालून कुणीतरी पन्ह्याचा ग्लास सरकवला. (थंडगार, वेलची घातलेलं. खुलासा ग्लास संपल्यावरही करता आला असता.) मग खांद्यावर शेला आला, दुपट्ट्यावर टोपी चढली, कूलर आणखी जवळ ओढला गेला. इतका मान मला माझ्या स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता.

आणि माइकवर आवाज घुमला, "नवरीचे मामा असतीन तिथून लौकर मंडपात या!"

मी ताडकन उठलो. चौघांनी मला धरून खाली बसवलं.

"बापू, उठू नका!"

"मले जाऊ द्या!" मी दुपट्ट्यातून ओरडलो.

"जाऊ कसे देऊ? तुमी गेले तं आमचं नाक राह्यते काय?"

"अरे, मुहूर्त टळून राह्यला!"

"टळू द्या! तुमच्या मनासारखं झाल्याबिगर आमी अक्षता टाकत नाही!"

दोन्ही हात चौघांच्या ताब्यात, तोंडावर सुचितानं बांधलेला दुपट्टा. माइकवाला तिसऱ्यांदा मामाच्या नावानं ओरडत होता, त्यात माझं 'मीच मामा' बुडून गेलं, आणि मामा कूलरपुढे कैदेत होता.

शेवटी कोकिळाच धावत आली. डोळ्यांत पाणी. "बापू, आधीच माह्या भावाचा पत्ता नाही. तुमी तरी मानून घ्या," म्हणत तिनं माझे पाय धरले.

आणि थांबली. माझा उजवा अंगठा निरखून पाहिला. लहानपणी त्यावर वरवंटा तिनंच टाकला होता.

"अवं माय! हा तं आमचा दादा हाय!"

पुढचं काही विचारू नका. तिनं मला मनगटाला धरून ओढत नेलं आणि प्रेरणाच्या पाठीशी उभं केलं. डोक्यावर नेमकी मंडपाची कापडं जोडल्याची फट होती, त्यातून सूर्य माझ्याकडेच बघत होता. मंगलाष्टकं म्हणणारे काकाही त्या दिवशी सूर लांबवून म्हणत होते. पण मी हललो नाही. शेवटच्या 'सावधान'पर्यंत उभा होतो. अक्षता पडल्या, आणि त्यांच्यासोबत मीही पडलो.

शुद्धीवर आलो तर मी दूर एका बाकावर. इंद्रभानराव सापडले होते. ते सोफ्यावर बसले होते, अंगावर माझा शेला, डोक्यावर माझी टोपी, समोर माझा कूलर. उशाशी सुचिता पुठ्ठ्यानं वारा घालत म्हणत होती, "जानेफळ ते मेहकर अनवाणी, नाही का?"

तेवढ्यात कोकिळा आली. वाटलं, विचारपूस करेल. तिनं सरळ माझ्या खिशात हात घातला.

"पंगतीत कांदा कमी पडून राह्यला, दादा. तुह्या काय कामाचा आता?"