एकशेवीसची चाळण

आमचे बेलापूरचे नाना गाणं कानाने ऐकत नाहीत, तळहाताने ऐकतात. ते शेजारी राहतात, मधे एकच भिंत. जन्मभर पिठाची गिरणी चालवली. यंत्रावर हात ठेवला की पीठ कसं पडतंय ते सांगायचे. आमच्याकडे होम थिएटर आलं त्या संध्याकाळी नाना आले आणि टीव्हीकडे न बघता थेट सबवूफरच्या खोक्यावर हात ठेवून डोळे मिटून बसले.

"सर, पीठ लई बारीक पडतंय."

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. त्यामुळे कुणी विचारलेलं नसताना समजावून सांगायची खोड आहे. म्हणालो, "नाना, याला क्रॉसओव्हर म्हणतात. या आकड्याच्या खालचा जाड आवाज या खोक्यात जातो, वरचा बारीक आवाज छोट्या स्पीकरांत. मी ऐंशी हर्ट्झवर ठेवलाय." हे ऐंशी मी तीन आठवडे व्हिडिओ बघून कमावलं होतं आणि दूधवाल्यालासुद्धा ऐकवलं होतं.

"म्हंजे चाळणच की," नाना खोक्यावरच्या बटणाचा शेवटचा आकडा बघत म्हणाले. "मग भोक मोठं करा. एकशेवीस."

मी हसलो. तिथेच चुकलो.

तेव्हापासून नाना रोज चहाला यायचे. मी बिस्किटं आणायला आत वळलो की आकडा एकशेवीस! शिवाय मी टेपने मोजून, खडूची खूण करून ठेवलेला सबवूफर सरकत सरकत त्यांच्या भिंतीला चिकटलेला. एकशेवीसवर बातम्या देणारा माणूस माठात तोंड घालून बोलायचा. मी पुन्हा ऐंशी करायचो. महिनाभर हेच. बायको म्हणाली, "दहावीची पोरं तुम्हाला घाबरतात म्हणे?"

एका रविवारी माझं डोकं फिरलं. टीव्ही बंद केला आणि रिमोट हातात घेऊनच नानांच्या दारात उभा राहिलो.

आत नानांच्या बायकोची, काकूंची, खाट आमच्या मधल्या भिंतीला लावलेली. गिरणीच्या पट्ट्याजवळ उभं राहून काकूंचे कान कधीच गेले, हे गल्लीला माहीत होतं. त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या आणि तळहाताने भिंत थोपटत होत्या.

"आवो," त्या नानांना मोठ्याने म्हणाल्या, "बंद पडली की! बगा जरा!"

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला वाटतं, गिरनी चालू हाय. गिरनी इकल्यापासून घरात कायबी चालू न्हवतं, सर. निसती बसून राहायची. तुमचं खोकं आलं, भिंत हलली, अन् पयल्यांदा हसली."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुमी एवढं शिकून ऐंशी ठरवलं. तुमाला कसं सांगावं?"

घन पदार्थातून ध्वनी अधिक चांगला जातो, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मुलांकडून पाठ करून घेतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

घरी आलो. सबवूफर भिंतीला नीट टेकवला, टीव्ही लावला आणि आकडा स्वतःच्या हाताने एकशेवीस केला. बातम्यावाला पुन्हा माठात शिरला. मी भिंतीवर तळहात ठेवून उभा राहिलो.

पलीकडून काकूंचा आवाज आला, "आवो, चालू झाली!"