पिकअप आणि पूर्वरंग

या, जरा पुढं सरकून बसा. मागं बसलं की अर्धी गोष्ट पंख्याच्या आवाजात जाते. आज एका आईची, दोन गाड्यांची आणि एका बुवांची हकिगत सांगायची आहे. ती पहिल्यापासून ऐका, कारण सगळं दुखणं पहिल्याचंच आहे.

गोदूबाईंना कीर्तनाचं वेड. पण लग्न होऊन हुबळीत आल्यापासून एकही कीर्तन त्यांना नमनापासून मिळालं नव्हतं. आधी घरचं आवरणं, मग कोर्टातून यजमान येण्याची वाट, पुढं मुलांची वाट. त्या मंडपात शिरत तेव्हा पूर्वरंग संपून बुक्का लावणं चाललेलं असे. अळणावरजवळच्या माहेरी, देवळात पेटीचा सूर लागल्यावर बुवा तोंड उघडेपर्यंत जी शांतता पसरायची, ती त्यांच्या कानात अजून होती. "आख्यान पुष्कळ ऐकलं," त्या म्हणत, "नमन तेवढं राहिलंय माझं."

थोरला सुमंत वकील. त्यानं प्लग-इन हायब्रिड सेडान घेतली होती. ती घरच्या प्लगवर चार्ज व्हायची आणि पेट्रोलवरही पळायची. धाकट्या प्रभंजनचं कोप्पीकर रोडवर कापडाचं दुकान. त्याची लाल स्पोर्ट्स कूपे इतकी बुटकी, की तिच्यात बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. घरात रोज एकच खटला चालायचा.

"अण्णा, तुझी गाडी म्हणजे मिक्सर. मिक्सरला तरी आवाज असतो."

"पाय ठेवला की मोटर खेचते, मग इंजिन हातभार लावतं. तुझं इंजिन गुरगुरून जागं होईतो मी सिग्नल ओलांडलेला असतो."

"आणि पुढच्या सिग्नलला मी तुझी वाट बघत थांबलेला असतो!"

"साकु, पुरे!" गोदूबाई ओरडल्या. "शून्यापासून शंभरापर्यंत कोण आधी जातंय ते तुमचं तुम्ही बघा. मला फक्त कीर्तनाच्या शून्यावर पोचवा."

दसऱ्याला दुपारी चार वाजता धारवाडात श्रीहर्षबुवांचं कीर्तन होतं. बुवा रेल्वेनं हुबळीला उतरणार, दोघं भाऊ त्यांना आणणार आणि वाटेत उणकलच्या घरातून आई आणि सुमंतची बायको उत्तरा यांना घेऊन सगळे धारवाड गाठणार, असं ठरलं. एका गाडीत सगळे मावले असते. पण दुसरी घरी ठेवायची म्हणजे हार मानल्यासारखं झालं असतं, म्हणून दोन्ही निघाल्या.

बुवांनी कूपे बघितली आणि पिशवी सुमंतकडं देऊन ते प्रभंजनशेजारी उतरले. बसले म्हणवत नाही, उतरलेच. वाटेत दोघांचा वाद कळल्यावर ते हळूच म्हणाले, "अहो, आयुष्यभर गरुडाचा वेग वर्णन केला आणि बसलो कायम पॅसेंजरमध्ये. एकदा बघू या का?"

आता साक्षात बुवांनीच म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? उणकलच्या मागं नव्या लेआउटचा रिकामा, सरळ रस्ता होता. दोन्ही गाड्या शेजारीशेजारी लागल्या. बुवांनी खिडकीतून हात काढून चिपळ्या वाजवल्या. कूपे डरकाळी फोडून निघाली. सुमंतनं पाय दाबला, पण नेहमीचा हिसका बसलाच नाही. गाडी कुरकुरत, पेट्रोलवर, शहाण्यासारखी चालू लागली.

त्यानं लगेच उत्तराला फोन लावला. "चार्जर कुणी काढला?"

फोन सासूच्या हातात गेला. "मी काढला. काल खंडेनवमी न्हवं का? विळी, कात्री, शिलाईमशीन सगळी पाटावर विसावली. मग तुझी गाडीच तेवढी रात्रभर राबणार होय?"

"आई, ती राबत नव्हती, जेवत होती!"

"मग उपास घडला म्हण. पुण्यच लागलं तिला. तुम्ही आहात कुठं?"

सुमंतनं फोन ठेवला, कारण पुढं "अय्यो!" अशी आरोळी आली होती. जिंकलेल्या कूपेच्या वाटेत लेआउटवाल्यांनी घातलेला गतिरोधक आला होता. प्रभंजननं ब्रेक लावून ती हळूच वर चढवली, पण तिचं पोट त्यावर टेकलं आणि मागची चाकं नुसतीच गरगरू लागली. बुवा धोतर खोचून ढकलू लागले. दोरी आणली, ओढून बघितलं, अंगाला माती लागली, पण गाडी ढिम्म.

"हा वेग तर बघितला," बुवा धापा टाकत म्हणाले, "पण हा गजेंद्र कोण सोडवणार?"

इकडं उत्तरा म्हणाली, "आई, या दोघांची वाट बघाल तर बुक्कासुद्धा मिळायचा नाही. चला, चिगरी बसनं जाऊ." बसला स्वतःचा वेगळा रस्ता, वाटेत कुणाची अडवणूक नाही. गोदूबाई धारवाडात पोचल्या तेव्हा मंडपात सतरंज्या अंथरणं चाललं होतं. त्या सगळ्यात पुढं जाऊन बसल्या. पेटीवाल्यानं सूर धरला. ती शांतता पसरली. गोदूबाईंनी डोळे मिटले.

शांतता पसरली ती पसरलीच. बुवांचाच पत्ता नव्हता.

शेवटी सेडानमधून बुवा आले. धोतराला माती, पगडी तिरकी. उभं राहून हात जोडून म्हणाले, "मंडळी, वेळ फार झाला. क्षमा असावी. पूर्वरंग बाजूला ठेवून एकदम आख्यानाला हात घालतो."

गोदूबाईंनी डोळे उघडले नाहीत. आख्यान गजेंद्रमोक्षाचं होतं आणि गरुड झेपावला तेव्हा बुवा असे मागं रेलले, की सगळा मंडप दचकला. टाळ्या कडाडल्या. त्यांत गोदूबाईंची टाळी नव्हती.

परतताना सगळे सेडानमध्ये. प्रभंजनही पुढं बसलेला, कारण त्याची कूपे अजून गतिरोधकावरच होती. मागं बुवा आणि दोघी. उत्तरानं बुवांना आईंच्या राहिलेल्या नमनाचं सगळं सांगितलं. बुवांनी मान खाली घातली. मग चिपळ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "आईसाहेब, इथं गायलं तर चालेल?"

सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटायला लोक रस्त्यावर आले होते. सुमंतनं वेग कमी केला. गाडी इतकी सावकाश झाली, की इंजिन आपोआप बंद झालं आणि उतारावर साठलेल्या थोड्याशा विजेवर ती आवाज न करता सरकू लागली. आत अगदी शांत झालं. बुवांनी षड्ज लावला.

मागं हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. प्रभंजननं काच वर केली.

घर आलं. नमन संपलं नव्हतं. डोळे मिटूनच गोदूबाई म्हणाल्या, "सुमंता, तळ्याकडनं एक फेरी मार. आणि बाळा, अजून हळू."

तर मंडळी, कधी कीर्तनाला वेळेवर पोचलात आणि पहिला सूर तुमच्या कानावर पडला, तर गोदूबाईंची एवढी आठवण काढा.